अप्पा सर आणि शेवटचा फड

अप्पा सरांनी मला ॲनाटॉमीत नापास केलं, त्याला माझी आजही हरकत नाही. हरकत आहे ती पद्धतीला.

तोंडी परीक्षा होती. समोर टेबलावर मधोमध चिरलेला कटिभाग, म्हणजे कमरेखालचा, मांड्यांच्या वरचा माणसाचा तो प्रदेश, ज्याच्याबद्दल सभ्य घरांत बोलत नाहीत. अप्पा सरांनी चिमट्यानं गुदाशयाच्या कडेचं एक पिवळट, चिकट जाळं उचललं आणि विचारलं, "हे काय बे?"

मी नीट पाहिलं. वास घेतला नाही एवढंच. म्हणालो, "सर, चरबी."

"बरं. मग काढून फेक."

इतक्या सोप्या प्रश्नानं माझा आत्मविश्वास वाढला. मी कात्री घेतली आणि ते जाळं मुळापासून साफ करून बादलीत टाकलं. वर "अजून कुठली साफ करू?" असंही विचारलं.

अप्पा सर शांतपणे म्हणाले, "आता ह्या पाव्हण्याला जन्मभर लघवी होणार न्हाई."

"सर, पण ते तर मेलेले आहेत."

"म्हणून वाचलास. ऑक्टोबरात ये."

पाव्हणा म्हणजे शव. अप्पा सर शवाला कधी बॉडी म्हणत नसत. त्यांच्या लेखी ते पाव्हणे होते. आपण न बोलावता आलेले, काही न खाणारे आणि कुठल्याच गोष्टीला नावं न ठेवणारे. असे पाव्हणे घरी येत नाहीत म्हणूनच मी कॉलेजात रमतो, असं ते म्हणत. कुणी टेबलाला कोपर टेकून उभं राहिलं तर ओरडायचे, "पाव्हण्यांना लागंल ना बे!"

खरं नाव डॉ. वैजनाथ शेटे. आष्टी तालुक्यातल्या कडा गावच्या भुसार दुकानदाराचा मुलगा. दुकानावर बसायचं सोडून डॉक्टर झाला, आणि डॉक्टर होऊन जिवंत माणसाला हात लावायचं सोडून थेट शवागारात शिरला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगावर पांढरा कोट, खिशात दुकानातल्या पुड्या बांधायच्या दोऱ्याचं रीळ. भस्म आणि फॉर्मालिन ह्या दोन वासांचं ते चालतंबोलतं मिश्रण व्हरांड्याच्या टोकाला आलं की आम्ही पुस्तकं उघडायचो. मुलांना ते 'बे' म्हणत, मुलींना 'माय'. नापास दोघांनाही सारखंच करत.

इतर सर हात-पाय, हृदय, मेंदू तब्येतीत शिकवायचे आणि कटिभाग आला की घसा खाकरून "हे घरी वाचून घ्या" म्हणायचे. अप्पा सरांचं उलट होतं. हात-पाय ते आठवड्यात उरकत, "हात काय, तुझ्याजवळच हाय, घरी बघ," म्हणत, आणि कटिभागात पूर्ण हिवाळा घालवत. त्यातही त्यांचा जीव मूत्राशय, गुदाशय आणि जननेंद्रियांना जाणाऱ्या मज्जातंतूंवर. आपल्या मर्जीनं न चालणारे, आपण झोपलो तरी जागे राहणारे ते तंतू. केसाहून बारीक, चरबीत लपलेले. अप्पा सर त्यांना धारदार सुरी लावू देत नसत. "ही चिरायची गोष्ट न्हाई, निवडायची हाय. डाळ निवडतेत तशी." मग स्वतः वाकून ओल्या कापसानं एकेक तंतू मोकळा करायचे आणि पुड्यांच्या दोऱ्यानं हलकेच बांधून ठेवायचे. चरबीतून हळूहळू जाळं वर यायचं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी नंतर फक्त लग्नात मुलीची साडी नीट करणाऱ्या आयांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

शिकवताना लाज हा प्रकार नव्हता. "धरणावर दोन माणसं असतेत," ते सांगायचे. "एक दारं बंद ठेवणारा. त्यो कमरेच्या मणक्यातनं वरनं येतो. दुसरा दारं उघडणारा. त्यो खाली माकडहाडाच्या वरनं येतो. दोघं गुदाशयाच्या कडंला ह्या जाळ्यात भेटतेत. एकानं साठवायचं, दुसऱ्यानं सोडायचं. दोघांचं पटलं तर माणूस सुखी. ह्या जाळ्याच्या तीन परीक्षा. एक लघवीची. दुसरी संडासची. तिसरी," आणि इथे ते पहिल्या बाकावरच्या मान खाली घातलेल्या मुलाकडे पाहायचे, "तिसरी लग्न झाल्यावर. मान वर कर बे, तुझ्याच कामाचं हाय."

हे मला इतकं पटलं की ऑक्टोबरात पेपरात मी माजलगावचं धरण, सिंदफणा नदी, दारं, कालवे असं सगळं नकाशासकट काढलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडीच्या वेळी मला प्रेमानं विचारलं, "वडील पाटबंधारे खात्यात आहेत का?" पण पास झालो.

पुढे मी अप्पा सरांच्या गावातच, कड्यात, दवाखाना टाकला, साखर कारखान्याच्या रस्त्याला. काही वर्षांनी अप्पा सरही निवृत्त होऊन गावी आले आणि दुकानाच्या गादीवर बसू लागले. आता गंमत बघा. गावात तीस-बत्तीस वर्षं डॉक्टरीत घालवलेला माणूस बसलाय, आणि तापानं फणफणलेले लोक त्यांच्यासमोरून, त्यांना रामराम करून, माझ्याकडे येताहेत. कारण एकच. अप्पा मेलेल्यांचे डॉक्टर. त्यांच्या हातून गोळी घेणं कुणालाच शुभ वाटेना. घरी तर विचारूच नका. सुमनकाकूंना डोकेदुखी झाली तर त्या नवऱ्याला ओलांडून मला फोन लावत. मी एकदा म्हणालो, "काकू, घरात एवढे मोठे सर असताना..."

"ह्यांनी नुसता हात लावला ना," काकू म्हणाल्या, "तरी वाटतं, आता कुठून चिरायचं ते बघायलेत."

अप्पा गादीवरून सगळं ऐकत होते. म्हणाले, "तिचं बरोबर हाय बे. सवयच तशी लागलीय."

मग राजश्रीचं बाळंतपण आलं. राजश्री त्यांची एकुलती मुलगी, उमापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगा झाला, दुकानात पेढ्यांची ऑर्डर गेली, आणि उमापूरहून राजश्रीच्या सासूबाई कौसाबाई येऊन दाखल झाल्या. कौसाबाई म्हणजे मोठा ऐवज. त्यांचे यजमान ऊसतोड टोळीचे मुकादम, आणि मुकादमाला कुणी मुकादम असेल तर त्या. आल्या आल्या त्यांनी काकूंकडून स्वयंपाकघर आणि राजश्रीकडून बाळ ताब्यात घेतलं.

दुसरा दिवस सरला तरी बाळानं शी केली नव्हती. दूध प्यायचं, अर्धं टाकायचं. पोट फुगत चाललेलं. मला बोलावलं. मी त्या दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जेवणाला निघालो होतो, म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. हे मुद्दाम सांगतोय.

मी पोहोचलो तेव्हा कौसाबाईंनी कारभार हातात घेतलेला. "इड्याचं पान आना. देठाचं." देठ एरंडेलात बुडवलं. आपण खरे डॉक्टर आहोत, नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून मी बॅटरी लावून जवळ वाकलो. कौसाबाईंनी देठ हलकेच लावलं.

पुढचं फार जलद घडलं. आधी आवाज आला, मग वारा आला, आणि मग दोन दिवस पोटात थांबलेलं सगळं काळं-हिरवं माझ्या शर्टाच्या खिशावर, खिशातल्या पेनावर आणि पेनामागच्या माझ्यावर एकाच वेळी येऊन बसलं.

घर आनंदानं नाचायला लागलं. "पुसू नका डागदर, आशीर्वाद हाय त्यो!" कौसाबाई म्हणाल्या. बाळाचं पोट पोळीसारखं सपाट. पेढ्यांचा पुडा फुटला, गल्लीत वाटप सुरू झालं. माझ्या तोंडात एक आणि हातात एक पेढा होता, आणि मी तज्ज्ञाच्या आवाजात जाहीर केलं, "झालं. आता काळजीचं काही कारण नाही."

दारात अप्पा उभे होते. त्यांनी पेढा घेतला नाही. मला विचारलं, "किती लांब उडालं बे?"

"माझ्यापर्यंत, सर."

"दोन दिवसांचं पोर. एवढा जोर कुठनं आला?"

मी विचार केला. खरंच केला. मग म्हणालो, "सर, पेढा घ्या."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं त्यावरून मला परत ऑक्टोबर दिसायला लागला. "हे सुटलं न्हाई," ते म्हणाले. "आडलेलं फुटलं. देठ लावलं, निघालं. आता परत आडणार. लेकराला पुण्याला न्यावं लागंल. आत्ता."

कौसाबाई वळल्या. "इवाई, राग मानू नका. पण तुमी मेलेल्या मानसांचे डागदर. जित्या लेकरात कावून हात घालताव?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की उभ्या आयुष्यात अप्पांनी दोनच प्रकारच्या लोकांसमोर व्याख्यान दिलं होतं. एक विद्यार्थी, ज्यांना मार्क हवे होते. दुसरे पाव्हणे, ज्यांना उठून जाता येत नव्हतं. नाही म्हणू शकणारा श्रोता त्यांना आज पहिल्यांदा भेटला होता, आणि तोही कौसाबाई.

ते खाली जमिनीवर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "कौसाबाई, एक विचारू? टोळी कारखान्यावर गेली, एकेक फड तोडत चालली, आन् शेवटच्या फडापर्यंत पोचलीच न्हाई. तर काय होतं?"

"काय व्हायचं? त्यो फड उभाच ऱ्हातो. मुकादमाच्या नावानं बोंब."

"लेकरू आईच्या पोटात असतं ना, तवा त्याच्या आतड्यात मज्जातंतूंची अशीच टोळी चालते. मानंजवळून निघते, वरनं खाली, मुक्काम करत करत. जिथं पोचते तिथल्या आतड्याला शिकवते. आवळायचं कवा, ढिलं सोडायचं कवा. ह्याची टोळी शेवटच्या फडापर्यंत पोचली न्हाई. टोकाचं आतडं नुसतं आवळून बसलंय. ढिलं सोडायचं त्याला कुणी शिकवलंच न्हाई. म्हणून वरचं सगळं तुंबतं."

स्वयंपाकघराच्या दारात काकू, खाटेवर राजश्री, आणि मी पेढा तसाच धरून. कौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग अत्यंत व्यवहारी आवाजात म्हणाल्या, "मंग पाठवा की टोळी आता."

"हंगाम गेला. ती टोळी फक्त आईच्या पोटात असताना चालते. आता तेवढा फड काढून टाकायचा, आन् वरचं चांगलं आतडं खाली आणून जोडायचं."

"कापायचं?" कौसाबाई उभ्या राहिल्या. "माझ्या नातवाला? तुमाला काय, चिरायची सवय हाय."

काकूंची चेष्टा अप्पांनी हसून घेतली होती. ही त्यांना लागली. ते माझ्याकडे वळले. "तू सांग बे. तुझं ऐकतेत."

खोलीतले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. राजश्रीनं तर हातच जोडले होते; कुठल्या बाजूनं ते तिलाही माहीत नव्हतं. मी एका बाजूला सपाट पोट पाहिलं, दुसऱ्या बाजूला कौसाबाई पाहिल्या, आणि एक मध्यममार्ग काढला, जो मध्यममार्ग डॉक्टर लोक नेहमी काढतात. "सकाळपर्यंत बघू," मी म्हणालो.

सकाळी मी तोंडात ब्रश धरून अंगणात उभा असताना जीप येऊन थांबली. पुढच्या सीटवर कौसाबाई. "बसा डागदर. हिरवं ओकलं लेकरू. पोट नगाऱ्यावानी झालंय."

मी तसाच चढलो. मागे राजश्री, आणि तिच्या शेजारी बाळ मांडीवर घेऊन अप्पा. जिवंत माणूस मांडीवर घेतलेले अप्पा मी पहिल्यांदाच पाहत होतो. फार अवघडून बसले होते. बाळ हललं की दचकत. पाव्हणे हलत नसत ना.

कुणी कुणाला बोल लावला नाही. नगर मागे पडल्यावर कौसाबाई पुढे बघतच म्हणाल्या, "इवाई, टोळी कुठवर पोचली आसंल? किती फड ऱ्हायलेत?"

"थोडंच ऱ्हायलं असावं," अप्पा म्हणाले. "शेवटचंच."

"तेवढं बघा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

पुण्याच्या दवाखान्यात बाळाच्या हातात सुई टोचताना रक्ताचा एक टपोरा थेंब वर आला आणि चादरीवर ओघळला. शेजारी धप्प असा आवाज झाला. अप्पा खाली. त्यांना उचलून दुसऱ्या खाटेवर टाकलं, सलाईन लावलं. ज्यानं आयुष्यभर माणसं उकलली तो माणूस एका थेंबानं आडवा. डोळे उघडल्यावर मला म्हणाले, "रक्त वाहतं, हे विसरूनच गेलतो बे."

आठवडाभर तपासण्या चालल्या. तोवर नळीनं पोट धुऊन बाळाला सांभाळलं. आतड्याचा बारकासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. अप्पांनी विनंती करून स्वतः पाहिला. बाहेर येऊन कौसाबाईंना एवढंच सांगितलं, "फड उभाच हाय. पण लहान हाय."

मला वाटलं होतं, आता अप्पांचा विजय झाला, ते मिरवतील. पण त्यांची झोप खरी उडाली ती इथून पुढे. आतडं काढायचं म्हणजे गुदाशयाभोवती काम करायचं. आणि गुदाशयाच्या दोन्ही कडांना ते जाळं. मोठ्या माणसात जे केसाहून बारीक, ते ह्या मुठीएवढ्या जीवात किती असेल? सर्जनचा हात जरा बाहेर सरकला की पोराला लघवी साठवता येणार नाही, सोडता येणार नाही, आणि तिसरं ते वेगळंच. आयुष्यभर ज्या तंतूंवर त्यांनी प्रेम केलं ते आता एका अनोळखी माणसाच्या हातात जाणार होते.

सर्जन निघाली पस्तिशीची मुलगी. ऑपरेशनबद्दल समजावून सांगायला तिनं आम्हाला बसवलं आणि पाचव्या मिनिटाला अप्पाच तिला समजावून सांगू लागले. ती चिडली नाही. सगळं ऐकून म्हणाली, "सर, मी आतड्याची भिंत सोडतच नाही. भिंतीला चिकटूनच जाते."

"चिकटून म्हणजे किती, माय?"

"इतकी की तुमच्या तंतूंना कळणारसुद्धा नाही, कुणी येऊन गेलं ते."

अप्पा बाहेर आले आणि बाकावर बसले. म्हणाले, "पास." मी त्यांच्याकडून हा शब्द सहजासहजी निघालेला कधी ऐकला नव्हता. मला थोडी असूया वाटली.

ऑपरेशन झालं. आतडं जोडलं गेलं. मग मूत्रमार्गातली नळी काढली आणि आम्ही सगळे खाटेभोवती उभे राहिलो. बघायला काही नव्हतं. एक बाळ, दोन पाय वर, मध्ये शांतता. कौसाबाई पुटपुटत होत्या. अप्पा वाकून असे बघत होते, जणू आत्ता तोंडी चालू आहे. तास झाला असेल. तपासायला एक तरुण डॉक्टर वाकला आणि बरोबर त्याच्या चष्म्यावर पहिली धार पडली.

"तीन परीक्षांतली पहिली पास!" अप्पा ओरडले. पूर्ण वॉर्ड वळून बघायला लागला.

दुसरीचा निकाल चार दिवसांनी लागला. देठाशिवाय. लंगोटात, शांतपणे, कुणाच्याही शर्टाला न लागता. कौसाबाईंनी अप्पांच्या पुढ्यात पेढ्यांचा पुडा ठेवला. "घ्या इवाई. तवा तुमी खाल्ला न्हाई." आणि मग, न राहवून, "तुमी तीन परीक्षा म्हणलते. तिसरी कोंची?"

मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. राजश्री एकाएकी लंगोटांच्या घड्या घालायला लागली. अप्पा पेढा चघळत म्हणाले, "तिसरी काय मी बघायला ऱ्हात न्हाई, कौसाबाई. ती त्याची बायको घेईल."

कौसाबाईंना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि पदराच्या आत किती तरी वेळ हसत राहिल्या.

अप्पा मला शेवटचे आठवतात ते आष्टीहून परत येताना. त्यांना डोळे दाखवायला मी माझ्या गाडीतून नेलं होतं, आणि शिवा, म्हणजे तोच नातू, सुट्टीला आलेला, हट्टानं बरोबर आला होता. सहा-सात वर्षांचा असेल. रस्त्यात म्हणाला, "थांबवा." मी उसाच्या बांधाशी गाडी थांबवली. आजोबा म्हणाले, "मीबी येतो."

दोघं पाठमोरे बांधावर उभे राहिले. शिवाचं बघता बघता झालं. ते बरंच लांब पोहोचलं असावं, कारण उसाची पानं वाजली. त्यानं चड्डी वर केली. अप्पा तसेच उभे.

"झालं का अप्पा?"

"तू हो म्होरं. मला येळ लागतो आता."

तो गेला नाही. जरा वेळ आजोबांकडे बघत राहिला. मग एक हात त्यांच्या पाठीवर ठेवून, आया तान्ह्या लेकरांना करतात तसा आवाज करू लागला. "शूऽऽ... शूऽऽ..."

अप्पांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. म्हणजे आता आणखी वेळ लागणार होता. मी गाडी बंद केली.